लंगोटांची मोजदाद

(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या कार्यक्रमात केलेले भाषण)



मला भाषण करता येत नाही हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे तुमची निराशा व्हायला नको. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. मंडळात मी येते ती सतरंज्या घालायला, हळदीकुंकवाच्या वेळी पानसुपारी लावायला आणि भजनात मागच्या ओळीत बसायला. पण गेल्या महिन्यात चिटणीसबाई घरी आल्या, तेव्हा मी गॅलरीत नातवाचे लंगोट वाळत घालीत होते. त्या म्हणाल्या, "अहो, अजून लंगोट? आजच्या काळात?" त्यावरून जे बोलणे निघाले त्यात दोघींचा चहा निवला. उठता उठता म्हणाल्या, "हेच तुम्ही वर्धापनदिनाला बोला." मी म्हटले, "व्यासपीठावर उभी राहून लंगोटावर बोलू? बायका हसतील." तर म्हणाल्या, "हसू देत की. हसणाऱ्यांनीही कधीतरी धुतलेच आहेत."

तेव्हा आज बोलते. चुकले तर सांभाळून घ्या.

माझे माहेर मुरबाड तालुक्यातले, टोकावड्याच्या अलीकडचे लहानसे गाव. 1999 साली लग्न होऊन मी बाळकुमला आले आणि पहिल्या बाळंतपणाला माहेरी गेले. थोरली मुलगी 2000 च्या मार्च महिन्यात झाली. मला सातवा लागल्यापासूनच आईने तयारी धरली होती. तिचे एक वापरून वापरून लोण्यासारखे झालेले सुती लुगडे होते. नवे कापड कितीही महाग आणा, ते बाळाच्या अंगाला टोचते आणि पाणीही लवकर शोषत नाही. म्हणून लंगोट जुन्याचाच. त्या एका लुगड्याचे आईने बावीस लंगोट आणि दोन दुपटी केली. चौकोनी तुकडा कोनात दुमडून त्रिकोण करायचा, दोन टोकांना कमरेला बांधायच्या नाड्या, तिसरे टोक पायांमधून घेऊन पुढे खोचायचे. शिवण बाहेरच्या अंगाला. मी एक शिवला तो उलटा, शिवण आत. आईने मुकाट्याने उसवला आणि म्हणाली, "स्वतःच्या झंपराची शिवण बाहेर घालशील, पण त्याला बोलता येत नाही ना."

बाळंतिणीच्या खोलीचे वर्णन तुम्हांला करायला नको. शेक, शेगडी, धुरी, बाळंतशेपा, डिंकाचे लाडू, अळिवाची खीर. गावातल्या एक-दोन म्हाताऱ्या पहिले चिकाचे दूध पिळून टाक म्हणाल्या होत्या, पण सरकारी दवाखान्यातल्या नर्सबाईंनी त्यांना असे झापले की पुन्हा त्या वाटेला गेल्या नाहीत. त्या नर्सबाईंचे उपकार आहेत.

आई रोज दुपारी लंगोटांची बादली घेऊन विहिरीवर जाई. आल्यावर ओटीवर बसून पदराने तोंड पुसत म्हणे, "आज तेरा." दुसऱ्या दिवशी, "आज अकरा." एकदा म्हणाली, "आज चौदा ग बाई!" मला वाटे, आई आपले कष्ट मोजून दाखवते आहे. मला वाईटही वाटे आणि थोडा रागही येई. एवढे बोलून दाखवायचे तर करावे कशाला? मी तेव्हा एकवीस वर्षांची होते. आई काय मोजीत होती हे कळायला मला पुढे फार मोठी किंमत पडायची होती.

तिसऱ्या महिन्यात मी मुलीला घेऊन बाळकुमला आले. तेव्हाचे बाळकुम आताचे नव्हे. कोलशेत रस्त्याच्या अंगाला कारखाने होते, कारखान्यांच्या भोंग्यावर घड्याळे लावायची पद्धत होती. आज तिथे मान वर करून मजले मोजावे लागतात. आम्ही पाड्यातल्या एका चाळीत राहत होतो. दोन खोल्या, सात माणसे. नळाला पाणी पहाटे साडेचारला येई ते जेमतेम अर्धा तास. हे विक्रोळीला कंपनीत जात, पहिल्या पाळीला तर पाचलाच घराबाहेर. म्हणजे नळावर मी, चुलीशी मी आणि मुलगी रडू लागली की तिच्याजवळही मीच. लंगोट धुण्याचे काम तर घरात दुसरे कुणी हातात धरीत नसे. पुरुषांचे राहू द्या, जाऊबाईही म्हणत, "ज्याचे त्याने." त्यांनी आपले दोन मुलगे असेच एकटीने काढले होते, म्हणून मी त्यांना दोष देत नाही.

जूनमध्ये पाऊस लागला. लंगोट वाळेनात. ज्यांनी पावसाळ्यात तान्हे मूल वाढवले आहे त्यांना पुढचे सांगायला नको. दारावर, खिडकीच्या गजांवर, खाटेच्या दांडीवर, देव्हारा सोडून सगळीकडे लंगोट. घरभर तो आंबूस वास. सासूबाई शेगडीत निखारे घालून वर वेताची टोपली पालथी घालीत आणि तीवर लंगोट पसरीत. त्याला धुराचा वास येई, पण कोरडे होत. ओलसर लंगोट बांधला की दुसऱ्या दिवशी जांघेत लाल पुरळ. मग खोबरेल लावा, उघडे ठेवा. उघडे ठेवले की गोधडी भिजली.

आणखी एक गोष्ट आहे, ती मी इतक्या वर्षांत कुणाला सांगितलेली नाही. त्या दिवसांत मी मोरीत लंगोट घासता घासता रडत असे. कारण विचाराल तर काही नाही. नवरा चांगला, मूल गोजिरे, खायला पोटभर. तरी रडू येई. पाण्याचा आवाज असे, म्हणून कुणाला ऐकू जात नसे. आता वर्तमानपत्रात येते की बाळंतपणानंतर पुष्कळ बायांचे असे होते, ते फार दिवस टिकले तर डॉक्टरला सांगावे, त्यावर औषध आहे. तेव्हा मला वाटे, मीच कृतघ्न.

तर सांगायची गोष्ट अशी. मुलगी संध्याकाळची फार रडे. दिवेलागणीला सुरुवात करी ती नऊपर्यंत. घरातले म्हणू लागले, दूध कमी पडते. शेजारची आली, तीही तेच म्हणाली. सासूबाईंनी माझ्या छातीकडे पाहून मान हलवली. माझी मी तर आधीच खचलेली, मलाही ते खरे वाटले. मग दुधाच्या पावडरीचा डबा आला आणि बाटली आली. आईचे दूध बाळाला सर्वांत चांगले, हे त्या डब्यावर ठळक अक्षरांत छापलेच पाहिजे असा 1992 सालापासून कायदा आहे. छापलेले असणारच. पण डबा उघडायच्या घाईत ते कोण वाचतो? डबा महाग, म्हणून एका चमच्याच्या जागी अर्धा घालायचा. बाटली उकळायची तर रॉकेल जळते, म्हणून नुसतीच गरम पाण्याने खंगाळायची. पावसाळ्याचे गढूळ पाणी. आणि बाटलीची सवय लागली तशी मुलगी अंगावर प्यायला कंटाळू लागली, त्यामुळे खरोखरीच माझे दूध कमी झाले. बघा, आधी खोटे होते ते आम्ही आमच्या हाताने खरे केले.

आठ-दहा दिवसांत तिला जुलाब लागले. पहिल्या दिवशी लंगोटांवर लंगोट. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी माझ्या लक्षात आले की लंगोट भरतो तो पाण्यासारख्या शीने, लघवीचा ओला असा एकही नाही. टाळू खोल गेली होती. रडताना डोळ्यांत पाणी नव्हते. यांची वाट न पाहता मी आणि सासूबाई रिक्षाने ठाण्याला गेलो. कोणता दवाखाना ते सांगत नाही, त्याला महत्त्व नाही. सलाइन लावले. दोन रात्री मी तिच्या पायाशी बसून होते.

तिसऱ्या दिवशी ती जरा हुशारीत आली, तेव्हा तिथल्या एक वयस्क नर्सबाई वाटी-चमच्याने क्षारसंजीवनीचे पाणी कसे पाजायचे ते दाखवीत होत्या. घोट घोट, घाई न करता. (हे पाणी साधे दिसते, पण 1971 साली बांगला देशातून आलेल्या निर्वासितांच्या छावणीत कॉलरा पसरला तेव्हा डॉ. दिलीप महालनोबीस यांनी याच पाण्याने कितीतरी जीव वाचवले, हे मी फार पुढे वाचले.) पाजता पाजता त्यांनी मला विचारले, "बाटली का लावलीत?"

मी म्हटले, "दूध कमी पडत होतं."

"बाटली लावायच्या आधी दिवसाला किती लंगोट ओले व्हायचे?"

मी म्हटले, "बारा. कधी चौदा."

"आणि वजन?"

वजनाचे कार्ड पिशवीत होते. ते त्यांनी पाहिले आणि माझ्या मांडीवर ठेवले. "वजन झकास वाढतंय. दिवसाला बारा लंगोट ओले. मग दूध कमी आहे हे तुला कुणी सांगितलं?"

मला उत्तर देता येईना. सासूबाई दाराशी उभ्या होत्या, त्यांनी तोंड फिरवले.

मग नर्सबाईंनी जे सांगितले ते मी आजवर जपले आहे. बाळ पाच-सहा दिवसांचे झाले की नुसत्या आईच्या दुधावरच्या बाळाचे दिवसरात्रीत निदान सहा लंगोट चांगले ओले झाले पाहिजेत. तेवढे होत असतील, लघवी पातळ रंगाची असेल, वजन वाढत असेल, तर दूध पुरते आहे. मग मूल संध्याकाळी रडो की रात्री. तान्हे मूल रडते त्याला शंभर कारणे. त्यातले भूक हे एक. उलट, लंगोट कमी झाले तर मूल कितीही शांत असो, उठा आणि दवाखाना गाठा.

तेव्हा मला आईचे "आज तेरा" आठवले. आई सातवीसुद्धा शिकलेली नव्हती. तिला हे कुणी सांगितले असेल? तिच्या आईने, आणखी कुणी? मी पुढे तिला विचारले, तर म्हणाली, "मोजायचेच असतात. त्यात काय सांगायचं?"

बाटली मी त्या दिवशी टाकली. दूध परत यायला दोनेक आठवडे गेले; सारखे छातीशी धरायचे, रात्रीसुद्धा. पण आले. आपल्या मुंबईत शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी 1989 साली आईच्या दुधाची पेढी काढली, आशियातली पहिली. दुसऱ्यांची अशक्त बाळे जगावीत म्हणून बाया आपले दूध देतात. आणि आम्ही असलेले दूध आटवीत होतो.

धाकटा मुलगा झाला 2005 च्या जुलैमध्ये, अठरा तारखेला, इथेच ठाण्यात. आणि आठवड्याने मंगळवार आला तो सव्वीस जुलैचा. त्या दिवशी कोण कुठे अडकले होते याच्या गोष्टी प्रत्येक घरात आहेत. सांताक्रूझला एका दिवसात 944 मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. आमच्याकडे दुपारपासून अंधारून आले, वीज गेली, नाल्याचे पाणी चढत चढत चाळीच्या दुसऱ्या पायरीला लागले. हे विक्रोळीलाच अडकले. घरात मी आठ दिवसांची बाळंतीण, पाच वर्षांची मुलगी, सासूबाई आणि तीस लंगोट, तीसही ओले. वीज नाही म्हणजे इस्त्री नाही. कोळसा भिजलेला, म्हणजे शेगडीही नाही.

सासूबाई दारात उभ्या राहून ओरडल्या, "कुणाकडे कोरडं जुनेर आहे का ग?" आणि अर्ध्या तासात चाळीतल्या बायका येऊ लागल्या. कुणी सुती साडीचा पदर फाडून आणला, कुणी नवऱ्याची लुंगी, एकीने नमाजाच्या वेळी पांघरायची सुती ओढणी घडी करून दिली. केरळची एक बाई होती, तिने तर कोरे पांढरे मुंडू आणले आणि आमच्यादेखत टराटरा फाडले. नवे आहे, टोचेल, असे म्हणायची ती वेळ नव्हती.

पण त्या कोरड्या चिंध्या संपेचनात. रात्री नऊच्या सुमाराला कंदिलाच्या उजेडात माझ्या ध्यानात आले की संध्याकाळी पाचला बदललेली चिंधी अजून कोरडी आहे. मूल गाढ झोपलेले. सासूबाई म्हणाल्या, "किती गुणाचं पोर, एवढ्या वादळात झोपलंय." मी दहाला पाहिले, कोरडी. अकराला, कोरडी. आदल्या दिवसापासून त्याच्या डोळ्यांत पिवळेपणा दिसत होता, तो कंदिलाने नीट कळेना. प्यायला धरला तर दोन चोखे ओढून पुन्हा झोपे.

दवाखान्यात जायचे तर रस्ता कुठला? म्हणून मी जे करू शकत होते ते केले. त्याचे कपडे काढले, तळव्यांना टिचक्या मारल्या, ओल्या फडक्याने तोंड पुसले, तो कुरकुरला की छातीशी धरले, आणि मग उकळलेल्या वाटीत दूध पिळून चमच्याने थेंब थेंब. तासाने पुन्हा. सासूबाई म्हणाल्या, "झोपू दे की ग त्याला." मी म्हटले, "आत्याबाई, पाचपासून लंगोट ओला नाही." एवढेच. त्या गप्प झाल्या, उठून बसल्या, कंदील जवळ ओढला आणि वाटी आपल्या हातात धरली. पाच वर्षांपूर्वी त्या दारातून तोंड फिरवून उभ्या होत्या, त्या दोघींनाही आठवत होत्या.

पहाटे साडेचारला, नळाच्या वेळेला, तो सासूबाईंच्या मांडीवर मुतला. लुगडे पार भिजले. त्या एवढ्या मोठ्याने "आला ग, आला!" म्हणून ओरडल्या की शेजारच्यांना वाटले, विक्रोळीहून मुलगा आला.

हे दुसऱ्या दिवशी दुपारी चालत आले. गुरुवारी रस्ता मोकळा झाल्यावर मुलाला डॉक्टरांकडे नेले. कावीळ निघाली, दोन दिवस निळ्या उजेडाखाली ठेवावे लागले. डॉक्टर म्हणाले, उठवून उठवून पाजलेत हे बरे केलेत. पण तुम्हांला सांगते, आज रस्ता मोकळा असताना कुणी माझ्यासारखे रात्रभर बसू नका. लगेच निघा.

आता आजची गोष्ट. थोरली मुलगी, तीच, आता नोकरी करते. डोंबिवलीला दिली आहे. 2025 च्या जूनमध्ये तिला मुलगा झाला आणि बाळंतपणाला ती माझ्याकडे आली. येताना डायपरची तीन गाठोडी घेऊन आली. मी लंगोट शिवून ठेवले होते, ते पाहून हसली. म्हणाली, "आई, हे धुणार कोण?"

मी म्हणणार होते, "मी आहे ना." पण ते शब्द माझ्या तोंडून निघाले नाहीत, कारण मला एकदम ती चाळीतली मोरी आठवली. प्रश्न बरोबरच होता. आमच्या वेळी तो विचारायची सोय नव्हती एवढेच.

डायपरला नावे ठेवणे सोपे आहे. तिने मला मोबाइलवर वाचून दाखवले की अमेरिकेत मॅरियन डोनोव्हन नावाच्या एका आईने रोजच्या भिजलेल्या बिछान्याला वैतागून न्हाणीघराचा पडदा कापून लंगोटावरची चड्डी शिवली, तिला 1951 साली त्याचे पेटंट मिळाले. आणि टाकून द्यायचे डायपर तिकडे 1961 पासून मोठ्या कंपनीने बाजारात आणले. म्हणजे तीही आपल्यासारखीच धुण्याला कंटाळलेली बाई. मी एक डायपर कात्रीने कापून पाहिला. आत रसायनाचे बारीक दाणे असतात, ते पाणी पिऊन भिजवलेल्या साबुदाण्यासारखे फुगतात. त्यामुळे मूल कोरडे राहते आणि रात्री आई चार तास झोपते. ती झोप मला मिळाली असती तर मी कदाचित मोरीत रडले नसते.

पण पहिल्याच आठवड्यात माझा जीव खालीवर होऊ लागला. डायपर वरून कोरडाच दिसे. एकदा ओला झाला की तीनदा, ते कळेना. मी मुलीला विचारी, "आज किती?" ती म्हणे, "चार बदलले." चार बदलले म्हणजे किती झाल्या? मग आशाताई घरी आल्या. पहिल्या दीड महिन्यात ठरलेल्या दिवशी येऊन त्या बाळाचे वजन पाहतात, अंग पाहतात. त्यांनीही पहिला प्रश्न तोच विचारला, दिवसात किती वेळा लघवी होते? मला अगदी माहेरचे माणूस भेटल्यासारखे झाले. ही घरी येऊन बाळ पाहण्याची पद्धत आपल्याच महाराष्ट्रात रुजली. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी 1995 पासून 39 खेड्यांत, पाचवी ते दहावी शिकलेल्या गावातल्याच बायांना शिकवून तयार केले, आणि तीन वर्षांत त्या गावांतले नवजात बाळांचे मृत्यू निम्म्याहून खाली आले. पाचवी ते दहावी, बरं का. माझी सातवी त्यात बसते, म्हणून ही गोष्ट मी ऐकेल त्याला सांगते.

आशाताईंनी तोडगा काढला. दिवसा काही दिवस लंगोट बांधा, मोजा, खात्री करून घ्या. रात्री डायपर लावा. मुलीनेही मानले. ती तिच्या मोबाइलमध्ये नोंद करी, मी गॅलरीतल्या दोरीवर मोजी, आणि संध्याकाळी आमचा हिशेब जमला नाही की भांडण. एकदा तिचे सात झाले आणि माझे आठ. आठवा जावयाने बदलून परस्पर धुऊन टाकला होता! तो दर शनिवारी येई आणि आल्यावर पहिले बादलीकडे जाई. आमच्या घरात पुरुषाने बाळाची शी धुतलेली मी पहिल्यांदा पाहिली. सासूबाई ते पाहायला हव्या होत्या. बोलल्या असत्या काहीतरी, पण पाहत राहिल्या असत्या.

मग मुलीने आणखी एक प्रकार मागवला, तो नव्या पद्धतीचा कापडी डायपर. बाहेर पाणी न झिरपणारी चड्डी, तिला बटणे, आत जाड कापडाची घडी. धुऊन पुन्हा वापरायचा. अशा वस्तू आता आपल्या मुंबईतही बनतात. एकाला साडेतीनशे रुपये! मी म्हटले, एवढ्यात पूर्वी लुगडे येत होते. पहिल्या दिवशी सगळे गळले. कारण नवे कापड; ते चार-पाचदा धुतल्याशिवाय पाणी पीत नाही. शिवाय मी सवयीने खोबरेल चोपडले होते, तेलकट कापड पाणी कसे घेणार? ते सावरले तर आषाढ आला. ती जाड घडी दोन-दोन दिवस वाळेना. माझा एकेरी लंगोट पंख्याखाली तासा-दोन तासांत खडखडीत.

तेव्हा मी काय केले, त्या विकतच्या चड्डीत जाड घडीऐवजी आपला जुना लंगोट दुमडून घातला. झाले काम. बिछाना भिजत नाही, लंगोट पटकन वाळतो, ओला झाला की हाताला कळतो. मुलीने त्याचा फोटो मैत्रिणींना पाठवला. त्यांनी विचारले, ही आत घालायची पट्टी कोणत्या कंपनीची?

डायपर टाकण्याविषयी एकच सांगते, कारण आपल्या इमारतींत हे होताना मी पाहते. वापरलेला डायपर तसाच ओल्या कचऱ्यात टाकू नका. 2016 च्या सरकारी नियमांतही तो नीट गुंडाळून द्या असे सांगितले होते. आधी त्यातली शी संडासात टाकावी, मग कागदात बांधून, वेगळा द्यावा. आपला ठाण्याचा कचरा कित्येक वर्षे दिव्याला जाऊन पडला, तिथल्या लोकांनी त्याचा धूर गिळला. आणि आपला डबा हाताने निवडते तीही कुणाची तरी आईच असते.

आता लंगोट चांगला की डायपर, असे मला कुणी विचारले तर मी आधी उलट विचारते, तुझ्याकडे पाणी किती, ऊन किती आणि धुवायला हात किती? एकटीच असशील तर खुशाल डायपर लाव बाई, आणि झोप. फक्त तीन-चार तासांनी बदल आणि पहिले काही आठवडे मोजत जा.

आता मंडळाकडे एक मागणे. आपल्या बाळकुमात एवढ्या इमारती उठताहेत. त्यांच्या कामावर मराठवाड्यातून, कर्नाटकातून, आणखी लांबून बाया आल्या आहेत. पत्र्याच्या खोल्यांत त्यांची बाळंतपणे होतात. परवा मी एकीला पाहिले, तिने सिमेंटच्या गोणीच्या आतल्या कागदावर बाळ निजवले होते, खाली ओढणीचा तुकडा. तिला आई जवळ नाही, लुगडे फाडून द्यायला कुणी नाही. आपण बारशाला बाळंतविडा देतो तसा तिलाही द्यावा असे मला वाटते. फार खर्च नाही. घरातल्या जुन्या, मऊ, सुती साड्या आणा. रेशमी, नायलॉनच्या आणू नका. लुंग्या चालतील, धोतरे तर उत्तम. मंडळाची दोन शिवणयंत्रे दुपारची रिकामीच असतात. दर गुरुवारी दोन तास बसलो तरी एका बाळाचे वीस लंगोट होतात. तुकडा वीत-दीड वीत नको, चांगला हातभर लांब-रुंद घ्या, आणि शिवण बाहेरच्या अंगाला.

आईच्या त्या लुगड्याचे दोन लंगोट माझ्याकडे अजून आहेत. मापासाठी म्हणून या गुरुवारी घेऊन येते. ते मात्र मला परत द्यायचे.